आधी रक्कम लिहा, मग ऋण सोडा

इंदुरातल्या आमच्यासारख्या मराठी ख्रिस्ती घरांत प्रभूची प्रार्थना दोन भाषांत होते. रविवारी चर्चमध्ये उपासना हिंदीत, तिथे आम्ही म्हणतो, "जिस प्रकार हम ने अपने अपराधियों को क्षमा किया है." रात्री घरी जेवणाआधी तीच प्रार्थना मराठीत, आजीने शिकवलेली: "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." चर्चमध्ये अपराध, घरी ऋण. लहानपणी मला वाटायचं आजीचं काहीतरी चुकतंय. चूक नव्हती. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात ही प्रार्थना आहे, तिथल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ देणं, कर्ज असाच आहे, आणि "सोड" हे क्रियापदही मुळाला धरून आहे.

पुढे माझी सगळी नोकरी बँकेत झाली आणि त्या "ऋण" शब्दाचा मला फार उपयोग झाला. अपराधाची क्षमा म्हटलं की माणूस भावनेत शिरतो: मला आतून वाटत नाही, मग मी कशी करू? कर्ज सोडायला आतून काही वाटावं लागत नाही. कर्जमाफी जाहीर झाली की आधी याद्या होतात. कोणाचं खातं, किती मुद्दल, किती व्याज, कोणत्या तारखेपर्यंतचं. आकडा नसेल तर माफ काय करणार? हा लेख त्या याद्यांच्या कामाबद्दल आहे. बुधवारच्या घरगुती प्रार्थना सभेत आम्ही काही वर्षं जे करत आलो, ते क्रमाने सांगते.

"जाऊ दे" म्हणू नका

आपल्याकडे कोणी दुखावलं की पहिला शब्द तोंडात येतो, "जाऊ दे." दुसरा, "काही नाही हो, चालायचंच." हे दोन शब्द क्षमेचे नाहीत. "काही नाही" म्हणजे कर्जच नव्हतं. आणि नसलेलं कर्ज सोडता येत नाही, ते नुसतं दुसऱ्या खणात सरकवता येतं. मग तीन वर्षांनी लग्नात पंगतीला कोण कुठे बसलं यावरून ते सगळं व्याजासकट बाहेर येतं.

क्षुल्लक गोष्टींना "जाऊ दे" खुशाल म्हणा. रिक्षावाल्याने वीस रुपये जास्त घेतले, शेजाऱ्याने गाडी आडवी लावली, एवढ्यासाठी वही काढायची नाही. माझी कसोटी सोपी आहे: दुसऱ्या दिवशी भांडी घासताना ती गोष्ट पुन्हा डोक्यात आली का? आली असेल तर तिला पान द्यायचं.

पहिलं काम : पान लिहा

शाळेची साधी वही घ्या. मोबाइलवर लिहू नका, तो घरातल्या कोणाच्याही हाती पडतो. एका पानावर एकच माणूस आणि एकच गोष्ट. तीन ओळी पुरतात: काय झालं, कोणासमोर झालं, आणि माझं काय गेलं.

तिसरी ओळ सर्वात अवघड. पहिल्या ओळीत लोक शेरे लिहितात, "तो स्वार्थी आहे," "ती कायम अशीच." शेरा म्हणजे रक्कम नव्हे. बोललेलं वाक्य लिहा, केलेली कृती लिहा.

माझं पान दाखवते, म्हणजे कळेल. "आईच्या दफनाच्या दिवशी कबरस्तानाच्या फाटकाशी वहिनी मला म्हणाल्या, आता रडायला आलीस, जिवंतपणी कधी फिरकलीस का?" दुसरी ओळ: "धाकटे काका, शेजारच्या काकू, पाळकसाहेब, माझा मुलगा." तिसरी ओळ लिहायला मला दोन दिवस लागले. "दवाखान्यातल्या एकोणीस रात्री मी उशाशी काढल्या, त्या एका वाक्याने पुसल्या गेल्या. आईला रडून निरोप द्यायचा होता, तो घशातच राहिला. माझ्या मुलाने मान खाली घातली."

ते शेवटचं वाक्य लिहीपर्यंत मला ठाऊकच नव्हतं की खरा राग कशाचा आहे. मी वर्षभर समजत होते की वहिनींनी माझा अपमान केला. खरं म्हणजे माझा चौदा वर्षांचा मुलगा त्या दिवशी माझ्याकडे बघत नव्हता, ते खुपत होतं. रक्कम कळल्याशिवाय सोडाल तर भलतंच काहीतरी सोडाल आणि मूळ कर्ज तसंच राहील.

दुसरं काम : देवापुढे सभ्य राहू नका

पान लिहिल्यावर लगेच क्षमेची प्रार्थना करू नये, असं माझं मत आहे. आमच्या सभेतल्या काही वडीलधाऱ्यांना हे पटत नाही. पण स्तोत्रं उघडून बघा. ५५ व्या स्तोत्रात दाविदाचं दुखणं हेच आहे की घाव शत्रूने घातलेला नाही, सोबत मंदिरात जाणाऱ्या जिवलगाने घातला आहे. १०९ वं तर इतकं कडू आहे की उपासनेत मोठ्याने वाचायला कोणी धजत नाही. हे सगळं पवित्र शास्त्रात ठेवलंय ते उगाच नाही. देवापुढे ओकून टाकलेलं माणसांवर ओकावं लागत नाही.

तेव्हा आठवडा, दोन आठवडे, रोज दहा मिनिटं ते पान पुढ्यात ठेवून जे वाटतं ते देवाला सांगा. शिव्या आल्या तरी चालतील. त्याने याहून वाईट ऐकलेलं आहे.

इथे कोणीतरी इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं वचन काढतंच: रागात असताना सूर्य मावळू देऊ नका. ते वचन रोजच्या कुरबुरीला अगदी योग्य आहे. नवरा-बायकोचं, सासू-सुनेचं जे काही दिवसभरात झालं, ते दिवे लागायच्या सुमाराला दोन वाक्यांत मिटवावं. आमच्या घरी संध्याकाळच्या चहाला हा रिवाज आहे: "सकाळचं माझं चुकलं," "बरं, मीही जोरात बोललो," संपलं. पण ज्याचा भाऊ घर हडपून बसलाय त्याला "आज सूर्य मावळायच्या आत क्षमा करा" असं सांगणं म्हणजे हाड मोडलेल्याला फुंकर घालणं. त्या वचनाची सुरुवातच रागावण्यापासून होते, हे लोक सोयीने विसरतात.

तिसरं काम : स्वतःचं खातं बघा

आता मत्तय १८ काढा. राजाचा एक दास, त्याच्या डोक्यावर दहा हजार तालांतांचं कर्ज. राजा सगळं सोडतो. तोच दास बाहेर पडून शंभर देनारी देणं असलेल्या सोबत्याचा गळा धरतो.

बँकवाली म्हणून मी याचा हिशोब मांडते. देनारी म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार देनारी. तेव्हा दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. आजची मजुरी रोज ५०० रुपये धरा: दासाचं कर्ज ३,००० कोटी रुपये, सोबत्याचं ५०,००० रुपये.

उपदेशांत नेहमी पहिल्या आकड्यावर जोर असतो. मी दुसऱ्यावरही बोट ठेवते. पन्नास हजार रुपये मजुराला थोडे नाहीत. तीन-साडेतीन महिन्यांची कमाई आहे ती. येशूने सोबत्याचं कर्ज चार आण्यांचं दाखवलेलं नाही. तुम्हाला दुखावलं गेलंय ते खरं आहे, मोठं आहे, आणि तरीही ते तीन हजार कोटींच्या शेजारी ठेवून बघायचं आहे. दोन्ही आकडे एकदम डोळ्यांसमोर असू द्या. एकच बघितला तर माणूस एक तर स्वतःला कुटतो, नाही तर दुसऱ्याचा गळा धरतो.

करायचं एवढंच: आपल्याला देवाने काय काय सोडलं, त्यातल्या तीन गोष्टी त्याच वहीत मागे कुठेतरी लिहा. तीन पुरेत. कॅथलिक असाल तर फादरांकडे पापनिवेदनाला जाण्याची ही चांगली वेळ आहे. आमच्याकडे प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री हे करतात.

चौथं काम : रेघ मारा

मोठ्याने, नाव घेऊन, रक्कम वाचून. "प्रभू, अमक्याने अमुक केलं, त्यात माझं हे हे गेलं. हे ऋण मी तुझ्या नावाने सोडते. मी ते परत मागणार नाही." मग पानावर तिरपी रेघ आणि खाली तारीख. पान फाडू नका. ते का, ते पुढे येईल.

"परत मागणार नाही" याचा अर्थ आमच्या सभेत आम्ही फोडून सांगतो, कारण खरी गळती तिथेच होते. त्या माणसाकडे टोमण्यातून मागायचं नाही. तिसऱ्याच कोणाकडे मागायचं नाही, म्हणजे गोष्ट सांगून सांगून सहानुभूती वसूल करायची नाही. यात एक खास ख्रिस्ती पळवाट आहे: "माझ्या जावेसाठी प्रार्थना करा हं, तिचं ना जरा..." आणि पुढे अर्धा तास. प्रार्थनेचा विषय म्हणून केलेली चुगली ही चुगलीच. आणि रात्री उशीवर डोकं टेकल्यावर स्वतःशीही मागायचं नाही, म्हणजे त्या प्रसंगात आपण काय उत्तर द्यायला हवं होतं याची तालीम करायची नाही. ही तिसरी वसुली बंद व्हायला मला सर्वात जास्त वेळ लागला. मी तर त्या फाटकाशी वहिनींना इतकी झकास उत्तरं दिली आहेत की काय सांगू.

जाऊन बोलायचं का?

नेहमीच नाही. ज्याला काही पत्ताच नाही, किंवा ज्याने चूक मान्य केलेली नाही, त्याच्या दारात जाऊन "मी तुम्हाला क्षमा केली" म्हणणं हा मुकाट्याने लगावलेला तमाचा असतो. तसं करू नका.

पण अन्याय चालूच असेल, किंवा नातं रोजचं असेल, तर मत्तय १८:१५ ची वाट आहे: एकट्याने जा, एकांतात सांगा. तिथे "एकट्याने" हा शब्द महत्त्वाचा. आधी पाळकसाहेब, आधी मोठे मामा, आधी व्हॉट्सअॅपचा कुटुंबाचा ग्रुप, असं नव्हे. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत न्यावं, त्यानंतर मंडळी, म्हणजे चर्च. आपण बहुतेक वेळा हा क्रम बरोब्बर उलटा चालवतो.

बोलताना वाक्य छोटं ठेवा. "दादा, दुकानाची भागीदारी मला न विचारता मोडलीत, त्याचं मला वाईट वाटलं. मला तुमच्याशी संबंध ठेवायचे आहेत म्हणून सांगतोय." एवढंच, आणि गप्प. समोरचा चिडला तर उठून या. लूक १७:३ मध्ये दोष दाखवण्याची आणि पश्चात्ताप झाला तर क्षमा करण्याची आज्ञा एकाच दमात दिली आहे. तेव्हा तोंड उघडणं हे क्षमेच्या विरोधात नाही.

ऋण सोडलं म्हणजे नवं कर्ज द्यायचं असं नाही

हे मी ठळक सांगते, कारण या गोंधळातून चर्चमध्ये फार नुकसान झालेलं पाहिलं आहे. थकबाकी माफ करणं वेगळं आणि त्याच माणसाला पुन्हा विनातारण कर्ज देणं वेगळं. क्षमा एकटा माणूस करू शकतो. समेटाला दोघे लागतात. विश्वास तर वागणुकीतून, हळूहळू परत येतो. ज्याला भावांनीच विकलं होतं त्या योसेफाने भावांना मिठी मारली ती उत्पत्तीच्या ४५ व्या अध्यायात. त्याआधीचे तीन अध्याय तो त्यांना पारखत होता, बन्यामिनाच्या पोत्यात प्याला ठेवून ते धाकट्याला पुन्हा टाकून जातात का हे बघत होता. पहिल्या प्रवासात अर्ध्यावर सोडून गेलेल्या मार्काला दुसऱ्या प्रवासात बरोबर न्यायला प्रेषित पौलाने साफ नकार दिला, त्यावरून सोबती बर्णबाशी फाटलं. कितीतरी वर्षांनी तोच पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. तोवर मार्काने काम करून दाखवलं होतं.

मारहाण होत असेल तर गोष्टच वेगळी. "क्षमा कर आणि नांद" हा सल्ला देणाऱ्याला शास्त्र कळलेलं नाही. आधी जीव सुरक्षित, मग वही. तातडीला ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. घरगुती हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. लेकरावर कोणी लैंगिक अत्याचार केला असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारकच आहे, मग तो माणूस मंडळीतला वडील का असेना. "आपसात क्षमा करून मिटवू" हा पर्याय तिथे नाहीच.

क्षमा आणि कोर्ट एकत्र चालू शकतात. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जाळून मारलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं. खटला थांबला नाही, मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. सूड देवाकडे सोपवा असं पौल रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात म्हणतो, आणि लगेच पुढच्या अध्यायात शासनाच्या हातातल्या तरवारीबद्दल लिहितो.

आपल्या इंदूरजवळची गोष्ट

देवास जिल्ह्यात उदयनगर आहे. तिथे केरळहून आलेल्या सिस्टर राणी मारिया आदिवासींत काम करायच्या. लोकांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायचं, बचत शिकवायची, म्हणजे सावकाराच्या वहीतून त्यांची मान सुटेल. ते ज्यांना खुपलं त्यांनी समुंदर सिंग नावाच्या तरुणाला पुढे केलं. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमधून त्यांना खेचून नाचनबोरच्या घाटात भोसकून मारलं. लोकांची ऋणं सोडवणारी बाई ऋणापायी गेली.

त्यांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, त्याही सिस्टर. त्यांनी तुरुंगात जाऊन समुंदर सिंगला राखी बांधली, ती ऑगस्ट २००२ मध्ये. तारखा नीट बघा: मध्ये सात वर्षं आहेत. स्वामी सदानंद हे कॅथलिक धर्मगुरू त्याआधीपासून त्याला तुरुंगात भेटत होते, त्याच्यात पश्चात्ताप दिसला होता, आणि तो गजाआड होता. मारियांच्या घरच्यांनी त्याच्या सुटकेला संमती दिली, २००६ मध्ये तो सुटला, पुढे केरळला जाऊन त्यांच्या आईला भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरातच, सेंट पॉल शाळेच्या मैदानावर, राणी मारियांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित करण्यात आलं.

ही गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, त्या सिस्टर होत्या, आमचं काय. मी म्हणते, राखी सोडा, ती सात वर्षं घ्या. सिस्टर सेल्मींना सात वर्षं लागली असतील तर तुम्हाला सात महिने लागायला काय हरकत आहे?

पुन्हा वर आलं तर

येणारच. नाताळच्या फराळाला सगळे जमतील, कोणी करंज्यांवरून काही बोलेल, आणि सगळं ताजं होईल. याचा अर्थ क्षमा खोटी होती असा नाही. शिष्य पेत्राने येशूला विचारलं होतं, सातदा क्षमा करू का? उत्तर आलं, सातदा नव्हे, साताच्या सत्तर वेळा. हे दर वेळी नव्या अपराधासाठीच आहे असं मला आता वाटत नाही. एकच अपराध सोडायला कधी कधी तितके फेरे लागतात.

पान फाडू नका म्हटलं ते यासाठी. रात्री ते आठवलं की वही काढायची, मारलेली रेघ बघायची, तारीख वाचायची. "हे खातं अमुक तारखेला बंद झालंय." हवं तर शेजारी आणखी एक छोटी रेघ ओढा. माझ्या त्या पानावर अशा सतरा रेघा आहेत. शेवटची गेल्या ईस्टरची.

पानाची मागची बाजू

हे काम मी बरेच महिने टाळलं, आणि सभेतही शेवटीच सांगते. मत्तय ५:२३ मध्ये वेदीपाशी अर्पण सोडून जायला सांगितलं आहे ते कोणाला? तुझं भावाविरुद्ध काही असेल तर, असं तिथे नाही. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर, असं आहे. तेव्हा पान उलटवा आणि त्या माणसाचं तुमच्याकडे काय येणं आहे ते लिहा. छळ सोसलेल्यांनी हे करायचं नाही. त्यांचं पान एकाच बाजूचं असतं.

माझ्या पानामागे हे आहे: "दवाखान्याच्या एकोणीस रात्री माझ्या. पण त्याआधी आई अकरा महिने घरी अंथरुणावर होती. मी रविवारी उपासनेनंतर जायचे, केळी आणि बिस्किटं घेऊन, तासभर. बेडपॅन, पाठीच्या जखमांना पावडर, रात्रीची ओरड, सगळं वहिनींनी केलं. दमलात का, असं मी एकदाही विचारलं नाही."

ते लिहून झाल्यावर मी फोन केला. फाटकाचं काही काढलं नाही. म्हटलं, "वहिनी, आईचं त्या अकरा महिन्यांत तुम्ही सगळं केलंत, मी कधी विचारलंसुद्धा नाही. माझं चुकलं."

पलीकडे बराच वेळ नुसता मिक्सरचा आवाज येत होता. मग तो थांबला. वहिनी म्हणाल्या, "बरं. आत्ता कुकर लावायचाय, नंतर बोलू."

नंतरचं बोलणं अजून व्हायचं आहे.